सेफारियावर रूथचं पुस्तक: साधन चोख, पण शेजारचं पॅनेल जरा उशिराच उघडा

हिब्रू बायबलमधलं रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं. वचनं २२, २३, १८ आणि २२, म्हणजे एकूण ८५. न थांबता मोठ्याने वाचलं तर वीसेक मिनिटांत संपतं. सासूला एकटं न सोडणाऱ्या सुनेची गोष्ट म्हणून ते बहुतेकांना ऐकून ठाऊक असतं, आणि बहुतेकांचं वाचन पहिल्या अध्यायाच्या सोळाव्या वचनाशी अडतं: तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. या एका वाक्यावर प्रवचनं होतात, लग्नात ते म्हटलं जातं, आणि पुढचे तीन अध्याय तसेच राहतात. हे बोल सुनेने सासूला उद्देशून म्हटलेत, हेही पुष्कळांच्या ध्यानात नसतं.

उरलेले तीन अध्याय नीट वाचायचे तर कोणतं साधन घ्यावं, असा प्रश्न असेल तर पहिलं नाव सेफारियाचं. ज्यू धर्मग्रंथांची ही ऑनलाइन लायब्ररी एक ना-नफा संस्था देणग्यांवर चालवते. जाहिराती नाहीत, पैसे नाहीत, नुसतं वाचायला खातंही लागत नाही. वेबसाइट आहे, अँड्रॉइड आणि आयफोनचं अ‍ॅप आहे, आणि अ‍ॅपमध्ये ग्रंथ उतरवून घेऊन नेटशिवाय वाचता येतात. तिथे हजारो ग्रंथ आहेत. हे परीक्षण मात्र एवढ्यापुरतंच, की रूथच्या गोष्टीतला आध्यात्मिक अर्थ शोधायला ती किती उपयोगी पडते आणि कुठे दिशाभूल करते.

आधी मांडणी. लायब्ररीत तानाख म्हणजे हिब्रू बायबल, त्यात केतुवीम म्हणजे लेखन-विभाग, आणि त्यात पाच छोट्या गुंडाळ्यांमध्ये रूथ. ख्रिस्ती बायबलच्या सवयीने शास्ते आणि शमुवेल या पुस्तकांच्या मधे शोधत बसाल तर सापडणार नाही. हा फरक नुसता अनुक्रमणिकेचा नाही. 'शास्ते अंमल करत होते त्या दिवसांत' अशी गोष्टीची सुरुवात आहे, म्हणून ग्रीक अनुवादाच्या परंपरेने तिला इतिहासात बसवलं. ज्यू परंपरेत ती शावुओत या सणाला वाचली जाते. सण गव्हाच्या कापणीचा आणि सिनाय पर्वतावर नियमशास्त्र मिळाल्याचा. गोष्टही कापणीतली आणि परक्या बाईने ते शास्त्र पत्करल्याची. इसवी सन १००८ च्या लेनिनग्राड हस्तलिखितात तर रूथ नीतिसूत्रांच्या लगेच पुढे येते. नीतिसूत्रांचा शेवट 'एशेत हायिल', कर्तबगार स्त्री, तिच्या वर्णनाने होतो, आणि रूथ ३:११ मध्ये बवाज, म्हणजे तिच्या सासऱ्याचा नातलग आणि पुढे तिचा नवरा, रूथला नेमके हेच दोन शब्द वापरतो. सेफारियाच्या क्रमात ही जवळीक दिसत नाही. नीतिसूत्रे ३१:१० दुसऱ्या टॅबमध्ये उघडून ठेवा.

मग डिस्प्लेची सेटिंग. मूळ आणि अनुवाद दोन्ही दाखवा असं निवडा, मांडणी शेजारी-शेजारी. हिब्रू अक्षरओळख जेमतेम असेल तरी स्वरचिन्हं चालू ठेवा आणि पठणाची चिन्हं बंद करा. ती चालू राहिली की अक्षराच्या वर-खाली इतकी गर्दी होते की स्वर कुठला आणि सूर कुठला हे कळेनासं होतं. इंग्रजी अनुवाद एकाहून जास्त आहेत. ज्यू पब्लिकेशन सोसायटीचा १९१७ चा जुन्या वळणाचा, पण शब्दाला शब्द ठेवणारा. १९८५ चा वाचायला सोपा, पण तोच हिब्रू शब्द प्रसंगानुसार वेगवेगळ्या शब्दांनी मांडणारा. रूथसाठी १९१७ चा बरा. या पुस्तकात लेखकाने अर्थ पुनरुक्तीतच पेरलाय. अनुवाद गुळगुळीत झाला की पेरलेलं उगवतच नाही.

आता खरी गोष्ट. सेफारियात कुठल्याही वचनावर क्लिक केलं की शेजारी पॅनेल उघडतं. त्यात त्या वचनाला जोडलेलं सगळं साहित्य वर्गवारीने येतं: भाष्यं, तार्गुम म्हणजे अरामी भाषांतर, मिद्राश, तालमूद म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कायदेविषयक वादांचा ग्रंथ, वाचकांनी केलेल्या शीट्स, आणि प्रत्येकापुढे आकडा. हीच या साधनाची सर्वांत मोठी ताकद. वाचक घसरतो तोही इथेच. १:१ वर क्लिक केलं की पहिल्या मिनिटात कळतं की रूथचा सासरा अलीमलेख श्रीमंत होता, दुष्काळात लोक दाराशी येतील म्हणून पळाला, म्हणून देवाने त्याला मारलं. १:४ वर क्लिक केलं की रूथ आणि तिची जाऊ अर्पा या मवाब या परक्या देशाच्या राजा एग्लोनच्या घराण्यातल्या निघतात. अर्पा म्हणजे पाठ फिरवणारी, 'ओरेफ' म्हणजे मानेचा मागचा भाग, तिच्या वंशात पुढे दाविदाचा शत्रू गल्याथ जन्मला, हेही पाठोपाठ येतं. यातलं काहीही रूथच्या ८५ वचनांत नाही. मूळ गोष्टीत अलीमलेख मरतो, कारण दिलेलं नाही. अर्पा रडते, सासूचा मुका घेते आणि सासूने तीनदा सांगितल्यावर तिचं ऐकून माहेरी जाते. कथाकार तिला दोषाचा एक शब्द लावत नाही.

पॅनेल हे सगळं एकाच टंकात, एकाच आकारात दाखवतं. पाठ कुठे संपतो आणि परंपरा कुठे सुरू होते ही रेघ वाचकाने स्वतः मारायची असते. मिद्राश हा गोष्टीतल्या मोकळ्या जागा भरणारा प्रकार आहे. मोकळी जागा आधी जाणवली नसेल तर भरलेली कशी कळणार? म्हणून चार बैठका करा, आणि पहिल्या बैठकीत पॅनेल बंदच ठेवा.

पहिली बैठक: सलग वाचन, क्लिक नाही. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या. कोण बोलतंय, कोण गप्प आहे, आणि देव स्वतः कधी काही करतो. तिसऱ्याचं उत्तर चकित करणारं आहे. माणसांच्या तोंडी देवाचं नाव पानोपानी आहे: आशीर्वाद, शपथा, सासू नामीची तक्रार. पण कथाकार स्वतः देवाची कृती सांगतो ती दोनदाच. १:६ मध्ये त्याने आपल्या लोकांना भाकर दिली, तीही मवाबात कानावर आलेली बातमी म्हणून. आणि ४:१३ मध्ये रूथला गर्भ दिला. बाकी सगळं माणसं करतात. दर्शन नाही, संदेष्टा नाही, चमत्कार नाही. या पुस्तकातलं अध्यात्म शोधायचं ते शेतात, खळ्यावर आणि गावाच्या वेशीपाशी.

दुसरी बैठक शब्दांची, आणि वेळ द्यायचा तो इथे. हिब्रू शब्दावर डबल-क्लिक केलं की सेफारियात शब्दकोश उघडतो. त्यात १९०६ चा ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्ज आहे, जुना पण भरवशाचा. पाच-सहा शब्दांचा माग काढला तरी गोष्ट उलगडायला लागते.

'शूव', म्हणजे परतणं. पहिल्या अध्यायात १२ वेळा. नामी परतते, सुनांना परत जा म्हणते, अर्पा परत गेली, तूही परत जा. गंमत अशी की १:२२ मध्ये मवाबाहून 'परतलेली' असं विशेषण रूथला लागतं, आणि ती तर बेथलेहेमात पहिल्यांदाच येत असते. हाच धातू शेवटी ४:१५ मध्ये येतो, जिथे शेजारणी बाळाला नामीचा 'जीव परत आणणारा' म्हणतात. अनुवादात तिथे 'नवजीवन देणारा' किंवा असंच काही झालं की धागा तुटला.

'रेकाम', रिकामी. १:२१ मध्ये नामी म्हणते, भरलेली गेले होते, देवाने रिकामी परत आणली. रूथ शेजारी उभी असताना! रूथने त्यावर काय म्हटलं? काहीच नाही. ३:१७ मध्ये ती पहाटे खळ्यावरून सातू घेऊन येते आणि सांगते, ते म्हणाले, सासूकडे रिकामी जाऊ नकोस. आता मागे जाऊन ३:१५ बघा. बवाज सातू मोजून देतो खरा, पण हे वाक्य त्याच्या तोंडी कथाकाराने दिलेलं नाही. ते फक्त रूथच्या सांगण्यात आहे. तो म्हणाला आणि कथाकाराने गाळलं, की सासूच्या जखमेवरचा शब्द रूथने नेमका हेरून ठेवला होता, हे ज्याचं त्याने ठरवावं. एवढं मात्र खरं की संबंध पुस्तकात रूथचं हे शेवटचं बोलणं आहे. चौथ्या अध्यायात ती एक शब्दही बोलत नाही.

'कनाफ' हा मराठी वाचकाला फार लवकर कळेल असा शब्द. पंख हा एक अर्थ, वस्त्राचं टोक हा दुसरा. आपण पंखाखाली घेतो आणि पदराखालीही घेतो; हिब्रूत दोन्हीला एकच शब्द. २:१२ मध्ये बवाज रूथला आशीर्वाद देतो: इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली तू आसऱ्याला आलीस, तो तुला भरपूर देवो. छान बोलून तो मोकळा होतो. ३:९ मध्ये मध्यरात्री खळ्यावर रूथ त्याला म्हणते, तुमचा कनाफ माझ्यावर पसरा. म्हणजे देवाच्या पंखाची जी प्रार्थना तुम्ही केलीत, तो पंख तुमच्याच अंगावरच्या वस्त्राला आहे. प्रार्थना करणाऱ्याच्याच पदरात प्रार्थना परत टाकण्याचा हा प्रकार. सेफारियात दोन वचनं दोन खिडक्यांत शेजारी उघडली की शब्द डोळ्यांना दिसतो; अनुवादात एकीकडे पंख आणि दुसरीकडे पांघरूण आलं की दुवा पार नाहीसा होतो.

आणि 'हेसेद'. दया, कृपा, प्रेम, एकनिष्ठा, ममता, सगळे प्रतिशब्द थोडे थोडे बरोबर आणि एकही पुरा नाही. नात्यात देणं लागतो त्याच्या पलीकडे जाऊन केलेलं ते हेसेद. पुस्तकात तीनदा: १:८, २:२० आणि ३:१०. शोधताना एक अडचण येते. २:२० आणि ३:१० मध्ये शब्दाला 'त्याचं', 'तुझं' असे सर्वनामाचे प्रत्यय चिकटलेले आहेत, त्यामुळे नुसता शब्द तंतोतंत टाकून शोधलात तर ती दोन्ही स्थळं निसटू शकतात. २:२० चा आणखी एक पेच आहे: 'ज्याने जिवंतांवरचं आणि मेलेल्यांवरचं हेसेद सोडलं नाही' तो कोण, देव की बवाज? हिब्रू वाक्यरचना दोन्ही चालवून घेते. इंग्रजी अनुवादक सर्वनामाचं पहिलं अक्षर मोठं करून देवाच्या बाजूने निकाल देऊन टाकतात. देवनागरीत ती सोयच नाही, आणि इथे ते बरंच आहे. कनाफचा धागा धरून आलेल्याला तो पेच मुद्दाम ठेवलेला वाटेल.

तिसरी बैठक कायद्याची. ही टाळली की रूथ नुसती भावुक कथा होऊन बसते. पॅनेल आता उघडायचं, पण तालमूद आणि मिश्ना (तालमूदाचा गाभा असलेली कायद्यांची संहिता) यांपुरतं. २:२ मध्ये रूथ सरवा वेचायला निघते. सरवा हा उपकार नव्हता, हक्क होता: लेवीय १९:९ आणि २३:२२, अनुवाद (हे बायबलच्या पाचव्या पुस्तकाचं मराठी नाव) २४:१९. शेताचा कोपरा कापायचा नाही, पडलेली कणसं उचलायची नाहीत, विसरलेली पेंढी आणायला परत जायचं नाही. ती गरिबाची, परक्याची, अनाथाची आणि विधवेची. मिश्नाच्या पेआ या भागात मोजमापही आहे: एक-दोन कणसं पडली तर सरवा, तीन पडली तर मालकाची. तालमूदाच्या शब्बात या भागात ११३ब या पानावर म्हटलंय की रूथ दोन कणसं वेचायची, तीन नाही. म्हणजे भुकेल्या परक्या बाईनेही हक्काची रेघ ओलांडली नाही. उलट बाजूला बवाज. २:१५-१६ मध्ये तो गड्यांना सांगतो, तिला पेंढ्यांमधूनही वेचू द्या, वर मुठीतून मुद्दाम काही गाळत जा. कायदा म्हणतो पडलेलं सोड. हा म्हणतो पाडा. संध्याकाळी झोडून एफाभर सातू निघतात. एफा म्हणजे नेहमीच्या हिशोबाने सुमारे २२ लिटर, एका दिवसाच्या सरव्याला अवाढव्य. नामी ढीग बघून लगेच विचारते, कुणाच्या शेतात गेली होतीस, ते उगाच नाही.

इथून पुस्तकाचा साचा उघड होतो, आणि तो साचा दिसणं हेच या सगळ्या खटाटोपाचं फळ. अर्पाने चूक काहीच केली नाही. रूथने जास्त केलं. चौथ्या अध्यायात वेशीपाशी बसलेल्या जवळच्या नातलगानेही चूक केली नाही. वतन सोडवण्याचा, म्हणजे कुळाची जमीन परत घेण्याचा, पहिला हक्क त्याचा. शेत घ्यायला तयार होता, पण रूथशी लग्न करून मेलेल्याचं नाव चालवायचं म्हटल्यावर 'माझ्या वतनाला धक्का लागेल' म्हणून त्याने हक्क सोडल्याची खूण म्हणून पायताण काढून दिलं. सगळं साक्षीदारांसमोर, सगळं नियमाने. बवाजने जास्त केलं. मेलेल्या भावाच्या विधवेशी दिराने लग्न करावं हा नियम अनुवाद २५:५ मध्ये एकत्र राहणाऱ्या सख्ख्या भावांपुरता आहे. बवाज रूथच्या मेलेल्या नवऱ्याचा, महलोनचा, भाऊ नव्हता. नाकारणाऱ्याचं नाव कथाकार देत नाही. ४:१ मध्ये त्याला 'प्लोनी अल्मोनी' अशी हाक आहे, म्हणजे अरे फलाण्या. आपला 'फलाणा' अरबी-फारसीच्या वाटेने आला, आणि तो याच 'प्लोनी'चा भाऊबंद. स्वतःचं वतन आणि नाव राखायला गेलेल्या माणसाचं नाव तेवढं गोष्टीत उरलं नाही. काही इंग्रजी अनुवादांत तिथे 'मित्रा' छापलेलं असतं, आणि बोचरेपणा सगळा गेलेला असतो.

कायद्याच्या बैठकीत एक खाचखळगा. मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नये हा नियम ख्रिस्ती बायबलमध्ये अनुवाद २३:३, आणि सेफारियात २३:४, कारण हिब्रू मोजणीत त्या अध्यायाची वचनं एकाने पुढे सरकतात. मराठी बायबलमधला आकडा सेफारियात टाकलात तर भलतंच वचन येईल. रूथमध्ये हा घोळ नाही, दोन्हीकडे आकडे तेच. हा नियम डोळ्यांसमोर ठेवून मगच तालमूदाचं येवामोत ७६ब उघडा. दाविदाची पणजी मवाबी असताना तो राजा कसा, असा तिथे वाद आहे आणि तोड अशी: बंदी मवाबी पुरुषाला, मवाबी स्त्रीला नाही. येवामोत ४७ब मध्ये १:१६-१७ चा प्रत्येक तुकडा धर्मांतराच्या एकेका अटीला जोडलाय: तू जाशील तिथे मी म्हणजे शब्बाथात चालण्याची मर्यादा, तू राहशील तिथे मी म्हणजे परपुरुषासोबत एकांत न करणं. तुझे लोक ते माझे लोक म्हणजे नियमशास्त्रातल्या ६१३ आज्ञा. पहिल्यांदा वाचताना हे रुक्ष वाटतं, कवितेचं पंचनाम्यात रूपांतर केल्यासारखं. पण थोडं थांबून पाहिलं तर निष्ठा म्हणजे उमाळा नव्हे, रोजच्या वागण्याची कलमं, असा त्यांचा दावा दिसतो. पटो न पटो, तो विचार दमदार आहे.

चौथ्या बैठकीत मिद्राश आणि राशी, म्हणजे मध्ययुगातला प्रसिद्ध ज्यू भाष्यकार. आता पॅनेल पूर्ण उघडा. रूथ रब्बाह या रूथवरच्या मिद्राशसंग्रहात २:१४ मध्ये रब्बी झेईरा यांचं वाक्य सापडेल, आणि सगळ्या शीट्सपेक्षा ते मोलाचं आहे: या गुंडाळीत ना शुद्ध-अशुद्धाचे नियम, ना निषिद्ध-अनुमतचे, मग ती लिहिली कशाला? हेसेद करणाऱ्यांना किती मोठं फळ मिळतं हे शिकवायला. तिसरी बैठक करून आलेल्याला हे वाक्य भिडतं. पहिल्याच दिवशी ते वाचलं तर सुविचारासारखं घसरून जातं.

राशीचा एक नमुना, कारण त्याच्याकडून प्रश्न विचारायला शिकता येतं. ३:१५ मध्ये बवाज 'सहा सातू' देतो. माप दिलेलं नाही. सहा सेआ (एफाच्या तिसऱ्या हिश्शाचं माप) धरले तर दोन एफा, म्हणजे चाळीस लिटरच्या वर. ते ओझं बाईने डोक्यावरच्या वस्त्रात बांधून न्यायचं? राशी म्हणतो तसं होत नाही, ते सहा दाणेच होते, आणि तिच्या वंशात सहा आशीर्वाद घेऊन येणाऱ्याची ती खूण. उत्तर मान्य करायलाच हवं असं नाही. अडचण मात्र अगदी व्यवहारी आहे. याच वचनाच्या शेवटी 'तो गावात गेला' की 'ती गेली' हाही पाठभेद आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या दोन छपायांना यावरूनच 'ही' आणि 'शी' बायबल अशी नावं पडली.

पाठ आणि परंपरा यांचा उत्तम मेळ कुठे बघायचा तर ३:३-४ मध्ये. नामी सुनेला सांगते, खळ्यावर जा, त्याच्या पायांशी नीज. हस्तलिखितात लिहिलेला पाठ मात्र 'मी उतरेन', 'मी निजेन' असा वाचता येतो, आणि परंपरेने मोठ्याने वाचायचा पाठ 'तू'. व्याकरणकार म्हणतात, ते द्वितीय पुरुषी स्त्रीलिंगी रूपाचं जुनं वळण. मिद्राश म्हणतो, नामी सांगत होती की माझं पुण्य तुझ्याबरोबर उतरेल. इथे मिद्राशने पाठावर काही लादलेलं नाही. एका अक्षरात सासूचा जीव पाहिलाय.

दोष आता एकत्र. मराठी नाही, मराठी बायबल शेजारी उघडं ठेवावंच लागतं, आणि नावं जुळवून घ्यावी लागतात: नामी तिथे नाओमी, बवाज तिथे बोआझ. ब्राउझरच्या यांत्रिक मराठीवर भिस्त ठेवू नका, पुनरुक्तीचा सगळा खेळ त्यात विस्कटू शकतो. सगळ्या भाष्यांना इंग्रजी अनुवाद नाही. यादी लांब दिसते, पण हिब्रू न येणाऱ्याच्या हाती बरीच कमी लागते. सार्वजनिक शीट्स कुणीही खातं काढून बनवू शकतो, त्यामुळे एखादी अभ्यासपूर्ण आणि तिच्या शेजारची अर्ध्या तासात जुळवलेली. फोनवर पॅनेल मजकुराची जागा खातं. लॅपटॉप असेल तर तोच घ्या. आणि संग्रहाचा झोक रब्बींच्या परंपरेकडे आहे, तो असणारच. एज्रा-नहेम्याच्या काळात परदेशी बायकांना घालवून देण्याची मोहीम निघाली, रूथ ही तिला दिलेलं उत्तर आहे का, पुस्तक नेमकं कधीचं, ही विद्वानांची चर्चा इथे शोधू नये.

शब्दांच्या बैठकीपुरतं केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल सरस आहे, तेही मोफत. तिथे प्रत्येक हिब्रू शब्दाला स्ट्राँगचा क्रमांक (मूळ शब्दाला दिलेला ठरावीक आकडा) जोडलाय, त्यामुळे प्रत्यय लागलेलं रूपही सुटत नाही: हेसेद एच २६१७, शूव एच ७७२५, कनाफ एच ३६७१, आणि वतन सोडवण्याचा धातू 'गाआल' एच १३५०, जो या छोट्या पुस्तकात वीसहून जास्त वेळा येतो. मिद्राश आणि तालमूद मात्र तिथे नाहीत. दुसरी बैठक स्टेपवर, तिसरी-चौथी सेफारियावर, ही वाटणी सर्वांत सुखाची.

गटाने वाचणार असाल तर सेफारियात स्वतःची शीट बनवा: खातं मोफत, वचनं आणि भाष्यं एकाखाली एक ओढता येतात, शेवटी छापता येतात किंवा गूगल डॉक्समध्ये नेता येतात. वाटण्यासाठी छापताना अनुवादाचा परवाना तपासा. १९१७ चा अनुवाद सार्वजनिक मालकीचा आहे, १९८५ चा नाही. आणि शीट ४:१७ वर तोडू नका. शेवटच्या पाच वचनांतली पेरेसापासून दाविदापर्यंतची दहा नावं लोक कंटाळून गाळतात. ती नावं मोजताना लक्षात येतं की त्यांत रूथ नाही. बाळ झाल्यावर शेजारणीही 'नामीला मुलगा झाला' म्हणतात. रूथचं नाव वंशावळीत येतं ते नव्या करारातल्या मत्तय १:५ मध्ये, आणि ते पान सेफारियावर मिळणार नाही. त्यासाठी मराठी बायबलच उघडावं लागेल.